हळूबाई बसली का?

आमच्या गाडीचा फ्यूज पहिल्यांदा उडाला तेव्हा मुलाने मला सांगितलंसुद्धा नाही. परस्पर बदलून आला. दुसऱ्यांदा उडाला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा गाडी बाजाराच्या तोंडाशी अडकली, मागे पंधरा गाड्या भोंगे वाजवत उभ्या राहिल्या, गिअरचा दांडा काही केल्या पार्किंगमधून हलेना, तेव्हा कुठे मला फोन.

"आई, तू पूर्वी ते पॅनलचं वगैरे करायचीस ना? ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज सारखा का उडतो गं? तो गेला की गिअरही हलत नाही."

पॅनलचं वगैरे! एकतीस वर्षं मी कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर काढली. माझ्या सहीशिवाय एक पेटी दाराबाहेर गेली नाही. घरात त्याला 'वगैरे' म्हणतात.

"फ्यूज उडतो म्हणजे तो त्याचं काम करतोय," मी म्हटलं. "त्याच्यावर चिडू नकोस. पुढे कुठेतरी वायर सोलली आहे आणि पत्र्याला लागतेय. घरी आण, मी बघते."

"तू बघतेस?"

"नाही, मांजर बघतं."

मांजराचं बोलले, कारण मीच नातींना सांगितलं होतं की आमच्या कारखान्यात एक मांजर होतं, ते शेपूट लावून व्होल्टेज सांगायचं. दोनशेतीसला एकदा म्याव, चारशेला दोनदा. माझ्या खुब्यात बसवलेला सांधा स्टीलचा आहे, त्यामुळे ढग आले की मला रेडिओ ऐकू येतो, हेही सांगितलं होतं. थोरली तेरा वर्षांची, ती आता डोळे फिरवते. धाकटी सात वर्षांची, ती अजून माझ्या खुब्याला कान लावते. तर मला या घरात कुणी खरं मानत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण पुढचं मी फुगवलेलं नाही. उलट दोन-चार गोष्टी कमीच सांगतेय.

गाडी सात माणसांची. पुढे दोन जागा, मध्ये तीन, शेवटी दोन. डाव्या बाजूला सरकतं दार. आम्ही पाच जणं: मुलगा, सून, दोन नाती, मी. शेवटच्या दोन जागांपैकी उजवीकडे पिशव्या, डावीकडची रिकामी. आणि गाडी कसली, तर उंच. मला उंचच लागते. खुबा बदलल्यापासून ठेंगण्या गाडीत वाकून बसायची डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. या गाडीत पायरीवर पाय ठेवून चढता येतं. म्हणजे ही गाडी बंद तर मीही बंद.

आणि नेमका त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोनशे ऐंशी किलोमीटरवर हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दिवस मोजा.

"कधी येतेस?" ताईने विचारलं.

"शनिवारी निघतो."

"शनिवारी! आज मंगळवार. तुमचं नेहमीचंच. मी काही तोपर्यंत थांबेन असं समजू नकोस. मला घाई आहे."

ताईला जन्मभर घाई होती. कुठे जायचं असलं की आम्ही किल्ल्या शोधत असायचो आणि ही गाडीत जाऊन बसलेली असायची. बेल्ट लावलेला, पर्स मांडीवर. कुणी उशीर केला की बोटाच्या पेराने काचेवर वाजवायची, टक टक. फोनवरसुद्धा मला पलंगाच्या दांड्यावर वाजलेलं ऐकू आलं.

बुधवारी मुलगा गाडी वायरिंगवाल्याकडे घेऊन गेला. मी चढून बसलेच होते बरोबर. वायरिंगवाल्याने पॅनल उघडलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पंधरा अँपिअरच्या जागी तीसचा टाकतो. पुन्हा उडणार नाही."

"फ्यूज नाही उडणार," मी म्हटलं, "वायर पेटेल. मग आम्ही उडू."

"आजी, तुम्ही सावलीत बसा."

"मी सावलीतच आहे. तू उन्हात आलायस."

त्याने गाडी दोन तास ठेवून घेतली. एकटा चालवून बघितली, खड्ड्यांतून नेली, करकचून ब्रेक मारले. फ्यूज शाबूत. मग आम्ही दोघे बसलो, निघालो. पहिल्या वळणावर उडाला. परत गेलो. तो पुन्हा एकटा बसून चक्कर मारून आला. शाबूत. आम्ही बसलो. उडाला.

वायरिंगवाल्याने हात पुसले. "मी एकटा चालवतो तेव्हा काही होत नाही. शॉर्ट गाडीत नाही, तुमच्या माणसांत आहे."

त्या वेळी मला त्याचा असा राग आला होता की काय सांगू.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी गाडी अंगणात घेतली. खुर्ची टाकली, कारखान्यातली माझी वही काढली. शॉर्ट शोधायची एक जुनी रीत आहे. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा. त्या फ्यूजवरचे सगळे दिवे काढून ठेवायचे. आता वीज जायला वाटच नाही, म्हणून बल्ब विझलेला राहणार. पुढे कुठे वायर पत्र्याला लागली तर मात्र बल्ब भक्कन पेटणार. मग वायर हलवत जायचं. बल्ब जिथे पेटेल तिथे चोर.

मी सगळी वायर हलवली. डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून मागच्या दिव्यापर्यंत. सरकत्या दाराच्या रुळाशी एक जागा सापडलीही. वायरींचा जुडगा तिथे दबला होता, वरचं वेष्टन खरवडलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. सुनेला हाक मारली.

"बघ, सापडला. आता यावर नवी नळी चढवायची, की झालं."

ती ओणवी झाली. "आई, हे काय गुंडाळलंय?"

वायरीभोवती लोकर होती. तपकिरी, जाडसर, तीन-चार धागे पिळून दारात चेमटलेले. चिमट्याने ओढून काढले तर वीतभर निघाले. ओलसर होते.

"तुझं स्वेटर वगैरे?"

"आपल्याकडे तपकिरी कुणाचं आहे?"

कुणाचंच नव्हतं. मी ते धागे खिडकीत ठेवले, वायरीवर नळी चढवली, नवा फ्यूज लावला, ब्रेक दाबून बघितला. सगळं चोख. वहीत लिहिलं, 'दोष सापडला. दुरुस्त.' खाली सही केली. एकतीस वर्षांत माझी सही खोटी पडली नव्हती.

शनिवारी सकाळी निघालो. मुलाने आधी भोंगा वाजवला, मग 'चला चला' केलं, मग मी चढून टेकतेय तोच बटण दाबून दार लावलं. त्याच्यात ताईचा अंश आला आहे, माझा नाही.

धाकटी म्हणाली, "आजी, विचारायचं नाही?"

"ते आता बंद झालंय ना," थोरली म्हणाली. "कसलं बालिश आहे."

मुलाने गिअर टाकला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. फ्यूज उडाला.

मी नवा लावला. पेट्रोल पंपावर उडाला. लावला. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी सून पाण्याची बाटली घ्यायला उतरली, चढली, निघालो, उडाला. सकाळी डबीत दहा होते. पुढेही असाच उडत राहिला, नवव्या किलोमीटरवर चार उरले. ब्रेकचे दिवे नसताना मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, हे मुलालाही कळत होतं. त्याने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"आई, बास. दुसरी उंच गाडी भाड्याने सोमवारशिवाय मिळत नाही. सोमवारी जाऊ."

"सोमवारपर्यंत ताई..."

"मग मी काय करू? उचलून नेऊ तुला?"

त्याचंही बरोबर होतं. परत आलो. मी ताईला फोन केला नाही. काय सांगणार होते?

आता धाकटीने जे विचारलं ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी, खुबा बदलायच्या आधी, मी या गाडीत चढत होते. एक पाय आत, एक खाली. मुलाने न बघता गाडी पुढे घेतली. मी पडले नाही, पण पडलेच असते. त्याला तसं सांगितलं असतं तर 'सॉरी आई' म्हटलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं असतं. म्हणून मी थाप मारली. म्हटलं, "अरे, माझ्यामागून ती बाई चढत होती ना! तिच्या शालीचं टोक अडकलं दारात."

"कोण बाई?"

"हळूबाई. शेवटच्या डाव्या जागेवर बसते. बिचारीला बसायला वेळ लागतो. आधी पाठ करते, मग चाचपते, मग टेकते."

थोरली तेव्हा सात वर्षांची. तिने ते असं उचलून धरलं की निघताना रोज विचारणं सुरू झालं. मुलगा विचारायचा, "हळूबाई बसली का?" मुली मागे वळून बघायच्या आणि ओरडायच्या, "बसली!" मग गाडी निघायची. तेवढ्या वेळात माझे दोन्ही पाय आत यायचे. माझं काम झालं. जवळजवळ सहा वर्षं झालं.

यंदा शाळा सुरू झाल्यावर थोरलीच्या मैत्रिणी गाडीत बसल्या आणि तिला लाज वाटली. मुलगा म्हणाला, पुरे आता. बंद झालं. मीही काही बोलले नाही. मुली मोठ्या होतात.

फ्यूज पहिल्यांदा उडाला तो त्याच आठवड्यात. मुलाला विचारून लिहिलेल्या तारखा वहीत होत्या. मी त्या शनिवारी दुपारी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

आणि शाल. शालीचा रंग मुलींनी विचारला होता तेव्हा मी डोळ्यांसमोर आलं ते सांगितलं होतं. तपकिरी.

मी खिडकीतले धागे बघायला गेले. ते अजून ओले होते.

तरी मी म्हटलं, थांब. तू टेस्टिंगची बाई आहेस. मनाला वाटतं ते वहीत लिहीत नाहीत.

सुनेला म्हटलं, "जरा गाडी चालवायला ये. अंगणातच. दहा फूट पुढे, दहा फूट मागे."

"कशाला?"

"विचारू नकोस. वेड्यासारखं दिसेल."

"ते रोजच दिसतं, आई," ती म्हणाली आणि आली.

फ्यूजच्या जागी पुन्हा बल्ब जोडला. मागचे दिवे काढले. मी पुढे बसले, बल्ब हातात, कापडात धरून. धाकटी मधल्या रांगेत. पाच वेळा केलं: सगळे उतरलो, चढलो, दार लावलं, लगेच निघालो. पाचही वेळा बल्ब पेटला.

पण पेटला कसा, ते सांगते. शॉर्ट येतो तो धाडकन येतो. वायर पत्र्याला लागते किंवा लागत नाही, मधलं काही नसतं. हा बल्ब आधी मंद लाल झाला. मग केशरी. गाडी जसजशी पुढे सरकली तसतसा वाढत गेला, आणि मग एकदम पांढरा. माझ्या हाताला कापडातून चटका बसला. गाडी थांबवली की विझायचा.

"हे कसलं शॉर्ट?" सून म्हणाली.

"बघितलंस ना तूही?"

"बघितलं."

मग धाकटीला म्हटलं, "आता विचारायचं."

उतरलो, चढलो. मी विचारलं, "हळूबाई बसली का?" धाकटी मागे वळली, जरा थांबली, म्हणाली, "बसली." निघालो.

बल्ब विझलेला.

दुसऱ्यांदा, विझलेला. तिसऱ्यांदा, विझलेला.  सुनेने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते.

चौथ्यांदा विचारलं तेव्हा धाकटीने उत्तर दिलं नाही.

"काय गं?"

"अजून नाही," ती म्हणाली. "चाचपतेय."

 सरकतं दार उघडंच होतं. बाहेर शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत होते, कुणीतरी बादली आपटली. भर दुपार, ऊन रणरणत होतं. मग गाडीची मागची डावी बाजू जराशी खाली दबली. कुणी टेकलं की दबते, तेवढीच.

"बसली," धाकटी म्हणाली.

निघालो, बल्ब विझलेलाच. मी वहीत लिहिलं. विचारून: चार वेळा, बल्ब बंद. पाचवी वेळ करायला सून तयार नव्हती. मीही आग्रह केला नाही.

एक गोष्ट मला समजून घ्या. भुताची गोष्ट दुसऱ्याने सांगितली तर आपण म्हणू, असेल बाबा काही. पण ही बाई मी बनवली होती. गुडघ्यावर हात ठेवून, जागच्या जागी, मुलाची खोड मोडायला. तिच्यात माझ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मग दारात अडकली होती ती कोण?

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो हसला नाही, हे जास्त वाईट.

"आई, मावशी तिकडे अशी, गाडीची ही अवस्था, आणि तुला थापा सुचतायत?"

"थाप नाही. वही बघ."

"वहीत तूच लिहिलंयस ना?"

सून भांडी आवरत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, विचारा ना. विचारायला तुमचं तोंड झिजतं का? उद्या सकाळी निघा, विचारा, उडाला तर परत या."

"तूसुद्धा?"

"मी गाडीत होते," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी सकाळी निघालो. चारच फ्यूज. एक लावलेला, तीन माझ्या पाकिटात. थोरली कानात इअरफोन घालून बसली होती. आम्हाला ओळखत नसल्यासारखी. मुलाने आरशात माझ्याकडे विष पाजणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"हळूबाई," तो दातांतून म्हणाला, "बसली का?"

धाकटी वळली. "बसली."

निघालो. कोपऱ्यावरचं दुकान गेलं. पंप गेला. नववा किलोमीटर गेला. पन्नास झाले, शंभर झाले. मुलगा दर वेळी ब्रेक दाबून मीटरवरचा दिवा बघत होता. फ्यूज शाबूत.

एकशे साठच्या पुढे एका पंपावर थांबलो. सगळे उतरलो, पाय मोकळे केले. भाच्याचा फोन आला, मावशी, लवकर या, ती सारखी विचारतेय. मुलगा धावत आला. "चढा, चढा, चढा!" आम्ही चढलो. त्याने दार बंद केलं, इंजिन चालू केलं, गाडी सुटली.

"बाबा!" धाकटी किंचाळली. "ती बाहेर आहे!"

मुलाने ब्रेक मारला.



थोरलीने इअरफोन काढला. ती काचेतून बाहेर बघत होती, आमच्या मागे, पंपाच्या दिशेने.  काय दिसलं, ते तिने तेव्हाही सांगितलं नाही आणि आजही सांगत नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दार उघड."

मुलाने बटण दाबलं. दार सरकलं. पेट्रोलचा वास आत आला, गरम वारा आला. मग दुसरा एक वास आला, भिजलेल्या लोकरीचा. माझ्या गुडघ्यावरून काहीतरी खरखरीत, जड, सरकत गेलं. शालीचं टोक जावं तसं.

मी पाय आवरून घेतले. माणूस घेतो तसे. जागा द्यायला.

मागची डावी बाजू दबली.

"बसली," धाकटी म्हणाली.

 मुलाने दार लावलं. ते पूर्ण लागलं का, हे दोनदा बघितलं. पुढचे एकशे वीस किलोमीटर तो ताशी साठच्या वर गेला नाही. एकही फ्यूज उडाला नाही.

ताई जिवंत होती. चिमणीएवढी झाली होती, पण मला बघून आधी भांडलीच.

"शनिवार म्हणालीस."

"गाडी बिघडली गं."

"तुझी गाडी रोज बिघडते." ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मुलगा आणि सून बाहेर डॉक्टरांशी बोलत होते, मुली भाच्याबरोबर खाली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"तिला बसायला सांग की," ताई म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्याबरोबर आलीय ती." मग वैतागून, "बसते आहे होय? किती तो वेळ! पाठ काय करते, चाचपते काय. बाई गं, खुर्ची आहे ती, विहीर नाही."

मी ताईला हळूबाईबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. ताईला माझ्या थापांचा कंटाळा होता. लहानपणापासून.

मी मागे बघितलं नाही. ताईचा हात धरला. तो गरम होता, माझाच थंड होता. आम्ही बराच वेळ बोललो. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, आमच्या आईने माझी थाप पकडून मला कोंडलं होतं तेव्हा ताईने दाराखालून लाडू सरकवला होता, असलंच. मला यायला मिळालं. त्या गाडीने मला आणलं. जे काही झालं, त्यात हे मी विसरत नाही.

निघायच्या वेळी ताईने विचारलं, "मी येऊ तुमच्याबरोबर? मला इथे कंटाळा आलाय."

माणूस काय बोलणार? मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलले. "ये की. शेवटच्या रांगेत दोन जागा आहेत. एक भरलीय. दुसरीवरच्या पिशव्या काढते, तुझी जागा धरून ठेवते."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या नावावर लिहिली."

ताईने समाधानाने डोळे मिटले आणि पलंगाच्या दांड्यावर पेराने वाजवलं, टक टक. झालं तर मग, असं.

आम्ही भाच्याकडे राहिलो. ताई मंगळवारी सकाळी गेली. मी जवळ होते. शेवटपर्यंत तिला घाईच होती. सगळं आटोपलं, गुरुवारी सकाळी परत निघालो.

गाडी रविवारपासून भाच्याच्या दारात उभी होती, कुलूप लावलेली, किल्ली मुलाच्या खिशात. त्याने दार उघडलं आणि थांबला.

"आई," तो म्हणाला, "पिशव्या कुणी उतरवल्या?"

उजवीकडच्या शेवटच्या जागेवरच्या पिशव्या खाली, जमिनीवर, ओळीने लावून ठेवल्या होत्या. मी विसरले होते. ताईला बोलले होते, पण काढल्या नव्हत्या. शप्पथ.

रिकाम्या जागेवर बेल्ट लावलेला होता. घट्ट, मधोमध. त्याच्याखाली बसायला कुणी नव्हतं.

 आम्ही आपापल्या जागी बसलो. सरकतं दार उघडंच होतं. मुलाने इंजिन चालू केलं, मग गिअरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्याला कुणी आठवण केली नाही.

"हळूबाई बसली का?" त्याने विचारलं. अगदी नीट, अदबीने.

धाकटीने मागे बघितलं. "बसतेय."

आम्ही थांबलो.

मागे उजव्या बाजूला, काचेवर, बोटाचं पेर वाजलं. आतून. दोनदा.